तारांकित वाघ

खोटं बोलायचंच झालं तर माणसानं घरात बोलावं, बाजारात बोलावं, सोयरिकीत तर बोलावंच लागतं. पण माईकवर बोलू नये, असं नवाब शेख यांचं आयुष्यभराचं मत होतं. नुसतं मत नव्हे, त्यांची सारी नोकरी त्यावर उभी होती. कधी अहेरीच्या तर कधी गोंडपिपरीच्या एसटी स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या त्या जाळीच्या खिडकीमागं बसून त्यांनी उभा जन्म काढला. नवाबभाईंनी 'येत आहे' म्हटलं की गाडी यायची, आणि 'रद्द' म्हटलं की लोक मुकाट्यानं पिशव्या उचलून काळीपिवळी जीपकडं वळायचे. वरचे साहेब सांगत, नवाबभाई, नुसतं 'थोड्याच वेळात येत आहे' म्हणा, पब्लिक शांत बसते. नवाबभाई विचारत, गाडी आष्टीच्या पुलापलीकडं बंद पडली आहे, ती थोड्याच वेळात कशी येईल? साहेब हात जोडून निघून जात.

अशा माणसाच्या सहीनं राज्याच्या विधानसभेत वाघ शिरला. आता बोला.

मुळात काम होतं एका दिव्याचं. निवृत्तीनंतर नवाबभाईंनी गोंडपिपरी तालुक्यात, मोहबोडी या बायकोच्या माहेरगावी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. घरासमोर गल्ली, गल्लीला उघडी नाली, आणि नालीच्या काठावर कुठल्याशा योजनेतून उभा राहिलेला खांब. त्याच्यावरचा दिवा स्वयंचलित होता. माणसाचा हात लागायची गरज नाही. आपोआप लागावा, आपोआप विझावा. आणि तो खरोखरच आपोआप लागे आणि आपोआप विझे. फक्त लागायचा सूर्य उगवल्यावर आणि विझायचा सूर्य बुडाल्यावर. बसवणाऱ्या बहाद्दरानं डब्यातल्या घड्याळात दिवसाची रात्र करून ठेवली होती. भर दुपारी खांबाखाली लख्ख उजेड, आणि रात्री डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही.

त्या अंधारात नवाबभाईंची बायको रहमतबी एकदा नालीत पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा असा सुजला की कित्येक दिवस नमाज खुर्चीवर बसून पढावी लागली. तिला पडल्याचं एवढं वाटलं नाही. शेजारच्या नानाजी भोयरच्या बायकोनं, गुणाबाईनं, खिडकीतून 'कोण पडलं वो?' म्हणून विचारलं आणि नालीतूनच आपलं नाव सांगावं लागलं, त्याचं वाटलं. घरात आल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तुमी साऱ्या तालुक्याच्या गाड्या लाइनीत लावल्या. दारातला एक लाईट नाई लावणं होत तुमच्यानं?"

हे बोलणं नवाबभाईंना चांगलंच झोंबलं. दुसऱ्याच दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. ग्रामपंचायतीत कळलं की गाव त्यांचं, पण दिवा योजनेचा. विजेच्या हापिसात कळलं की खांब त्यांचा, करंट त्यांचा, पण दिवा त्यांचा नाही. योजनेच्या ठेकेदाराचा फोन लागे, वाजे, आणि वाजून वाजून थकून बंद पडे. गावातला वायरमन नथ्थू म्हणाला, "चाचा, स्क्रू-ड्रायव्हरचं काम आहे. आत्ता करून देतो. पण डब्ब्याले सरकारी सील आहे. सील तोडलं का दिवा बाहेर लागन आन् मी अंदर जाईन." हे मात्र नवाबभाईंना पटलं. नियमातला माणूस तो, त्यानं सीलकडं आदरानं पाहिलं आणि घरी परतला.

मग सल्ल्यांचा पूर आला. मोहबोडीत पाणी एक वेळ कमी येईल, सल्ला कमी येणार नाही. नानाजींचं म्हणणं पडलं की दिव्याले दगड मारा. फुटलेला दिवा बदलते, चालू दिव्याले कोणी हात लावत नाई. गुणाबाई म्हणाली, दिवसा झोपत जा, रात्री त्या दिव्याखाली नाईतरी काय ठेवलं आहे. शेवटी आला धम्मदीप. हा एका दैनिकाचा गावप्रतिनिधी, आणि साऱ्या पंचक्रोशीचे अर्ज लिहून देणारा. त्याला अर्जाची एवढी गोडी की लग्नपत्रिकासुद्धा 'विषय' आणि 'संदर्भ' घालून लिहिली असती. तो म्हणाला, हे काम खालून होणार नाही, वरून पाडावं लागेल. आपल्या आमदारांना सांगून थेट विधानसभेत प्रश्न टाकायचा. साधा नाही, तारांकित. त्याच्या डोक्यावर चांदणी असते, आणि चांदणीवाल्या प्रश्नाला मंत्र्याला भर सभागृहात उभं राहून तोंडानं उत्तर द्यावं लागतं. 'हे खरे आहे काय?' असं विचारायचं, की वरपासून खालपर्यंत सगळे हापिसं घामाघूम.

नवाबभाईंना ती चांदणी फार आवडली. नागपूरच्या त्या मोठ्या सभागृहात माईकवर आपल्या दिव्याचं नाव निघणार, आणि खरं काय ते माईकवर ठरणार, यापरता न्याय काय असतो?

अर्ज लिहिता लिहिता धम्मदीप मात्र थांबला. अंधार तर प्रत्येक गावात आहे, म्हणाला, विधानसभेत अंधाराला कोण विचारतं? त्यात वाघ पाहिजे. नवाबभाई ताडकन उठले. इथी वाघ कोणी पाहला नाई, तर मी सही कशी करू? धम्मदीपनं त्यांना खाली बसवलं आणि वाक्य वाचून दाखवलं: 'सदर अंधारामुळे परिसरात वाघाचा वावर होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' आता चंद्रपूर जिल्ह्यात बसून ही शक्यता कोण नाकारणार होतं? नवाबभाईंनी ते वाक्य चष्मा पुसून तीनदा वाचलं. त्यात खोटं सापडेना. तरी सही करताना त्यांचा हात जरा अडखळला, आणि माणसाचा हात अडखळतो तेव्हा त्याचं ऐकावं, हे त्यांना पुढं कळलं.

हे झालं पोळ्याच्या सुमारास. धान कापायला आलं, थंडी पडली, आणि नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच मोहबोडीच्या गल्लीत एक सरकारी गाडी घुसली. तिच्यातून दिव्याच्या खात्याचे एक इंजिनियर उतरले. अधिवेशनाच्या दिवसांत सरकारी माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. सुट्ट्या बंद, जेवणाचा डबा तसाच, आणि फोनवर वरचा साहेब: उत्तर आजच्या आज पाहिजे. इंजिनियर साहेबांनी भर दुपारच्या उन्हात वर पाहिलं. दिवा झगझगीत चालू. त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी दिव्याचे चार बाजूंनी फोटो काढले.

नवाबभाई धावत बाहेर आले. साहेब, हीच तर तक्रार आहे, तो आत्ता लागायले नाई पायजे. इंजिनियर म्हणाले, काका, प्रश्न असा आहे की 'दिवा बंद आहे, हे खरे आहे काय?' आणि दिवा तर चालू आहे. नवाबभाई म्हणाले, रात्री या, मी चहा पाजतो, डोळ्यानं पाहून जा. त्यावर इंजिनियर एकदम गंभीर झाले, आवाज खाली आणून म्हणाले, "रात्री? इथं? वाघ आहे ना तुमच्याकडं."

नवाबभाईंना वाटलं, आपण चुकून ऐकलं. पण इंजिनियरांनी हातातला छापील प्रश्न दाखवला. अर्ज आमदारसाहेबांच्या पीएकडं गेला होता, पीएनं तो प्रश्नाच्या साच्यात बसवला, आणि साच्यात बसवताना जे उरलं ते छाटलं. 'शक्यता नाकारता येत नाही' एवढंच नेमकं छाटलं गेलं होतं. आता तिथं होतं: 'वाघाचा वावर असल्याने नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण पसरले आहे, हे खरे आहे काय?' आणि वरती मोहबोडीचे रहिवासी श्री. नवाब शेख यांच्या निवेदनाचा हवाला. नवाबभाई ओट्यावर बसले आणि इंजिनियरांची गाडी पाचच्या आत गावाबाहेर पडताना पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी जंगल खात्याची जीप आली. रेंजर रंजीता मॅडम, वयानं तरुण, बोलायला शांत, आणि सोबत लालसू नावाचा वनरक्षक. त्यांना बयान पाहिजे होतं. नवाबभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं की मी वाघ पाहिला नाही, माझ्या बायकोनं पाहिला नाही, ती फक्त नालीत पडली. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि जमलेल्या गर्दीला विचारलं, मग कोणी पाहिला?

इथं मोहबोडीनं घात केला. घात म्हणजे काय, प्रेमच. आपल्या गावाचं नाव विधानसभेत चाललं आहे, शेजाऱ्याचा प्रश्न आहे, आणि वाघ नाही म्हटलं तर तो प्रश्न पडतो, एवढं सगळ्यांना कळलं होतं. नानाजी पुढं झाले. पाहला नाई, म्हणाले, पण वास आला. गुणाबाई म्हणाली, वासच नाई, कापसाच्या पऱ्हाटीत काही पिवळं हाललं होतं. कोणाची बकरी दोन दिवस उशिरा घरी आली होती, ती आता वाघाच्या भीतीनं लपली होती असं निघालं. संध्याकाळपर्यंत वाघाची वाघीण झाली, आणि लोकांना घरी जायची घाई नसती तर तिला पिल्लंही झाली असती. लालसू डोंगरात वाढलेला माणूस, तो कानाला हात लावून हसत होता. मॅडम मात्र हसल्या नाहीत, त्यांनी सगळं लिहून घेतलं, आणि खाली अर्जदार म्हणून नवाबभाईंची सही घेतली.

त्या दिवसापासून नवाबभाईंचं जेवण तुटलं. त्यात धम्मदीपनं भर घातली. सहज माहिती म्हणून त्यानं सांगितलं की सभागृहाला खोटी माहिती गेली तर हक्कभंग होतो. सभागृह माणसाला बोलावतं, उभं करतं, वेळ पडली तर कोठडीत घालतं. "पण तुमाले काऊन भेव?" तो म्हणाला, "तुमी तर खरं बोलता ना, चाचा." पोरगं साधेपणानं बोललं होतं, पण नवाबभाईंना रात्रभर झोप आली नाही. कोठडीचं भय होतंच. त्याहून मोठं भय वेगळं होतं. एवढ्या वर्षांत लाखो माणसं त्यांच्या एका शब्दावर उठली-बसली होती, आणि आता म्हातारपणी राज्याच्या सर्वात मोठ्या माईकवर त्यांच्या नावानं खोटं वाजणार होतं.

प्रश्नाचा दिवस उजाडला. नानाजींच्या अंगणात खाटेवर मोबाईल उभा केला, त्यावर सभागृह थेट दिसत होतं. धान मळायचं सोडून लोक आले. मोहबोडीचा प्रश्न बराच खाली होता. वरचे प्रश्न संपता संपेनात. मग कशावरून तरी गोंधळ झाला, सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत धावले, कामकाज तहकूब. नवाबभाईंनी मनातल्या मनात दुआ केली की आजचा दिवस असाच गोंधळात जाऊ दे. स्वतःच्या कामाचा प्रश्न बुडावा म्हणून दुआ करणारा मोहबोडीतला तो पहिलाच माणूस असेल. पण कामकाज पुन्हा सुरू झालं, अध्यक्षांनी क्रमांक पुकारला, आणि मंत्रीमहोदय उठले.

"अध्यक्ष महोदय," मंत्री वाचू लागले, "मौजा मोहबोडी येथील पथदिवा बंद आहे, हे खरे नाही. अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर दिवा सुरू असल्याचे आढळून आले आहे." त्यांनी पान उलटलं. "वाघाचा वावर असल्याने नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण आहे, हे खरे आहे."

आमदारसाहेबांनी उपप्रश्न विचारला, वाघ कधी पकडणार? मंत्री म्हणाले, तातडीनं. बाकं वाजली, आणि सभागृह पुढच्या प्रश्नाकडं गेलं. चहा निवायच्या आत सगळं आटोपलं होतं.

अंगणात टाळ्या पडल्या. नानाजींनी नवाबभाईंच्या पाठीवर थाप मारली. आपला वाघ पास झाला, म्हणाले. जी गोष्ट नवाबभाईंनी डोळ्यांनी रोज पाहिली होती ती खोटी ठरली, आणि जी कोणीच पाहिली नव्हती ती खरी ठरली. एवढं सोपं काम विधानसभेनं केलं होतं.

मग 'तातडीनं' सुरू झालं. खांबाला लागून पिंजरा आला. पिंजऱ्यात एक बकरी आली. नालीच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लागले. 'वाघाचा वावर, सायंकाळनंतर बाहेर पडू नये' अशी पाटी नेमकी नवाबभाईंच्या भिंतीवर ठोकली गेली. कापूस वेचायला येणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या, दूधवाल्यानं गावाबाहेरूनच हाक मारायला सुरुवात केली, नवाबभाईंची सूर्यास्ताची, मगरिबची नमाज मशिदीतून घरात आली. रंजीता मॅडमनी एकदा येऊन गावाचं कौतुकही केलं: रात्री दिवा बंद ठेवता हे फार चांगलं करता, उजेड असला की जनावर पिंजऱ्याकडं येत नाही. बकरी मात्र मजेत होती. दिवसभर सरकारी दिव्याखाली बसून गुणाबाईनं टाकलेला पाला खायची आणि रात्रभर ओरडायची.

सगळ्यात मोठा घाव घरातच बसला. बल्लारपूरला दिलेली मुलगी रुखसार नाताळच्या सुट्टीत पोरांना घेऊन येणार होती. रहमतबीनं त्यांच्यासाठी तांदळाच्या पापड्या करून ठेवल्या होत्या. रुखसारचा फोन आला, अम्मी, टीव्हीवर पाहिलं, घरचे पाठवत नाहीत. रहमतबीनं फोन नवऱ्यापुढं केला. नवाबभाईंनी फोन घेतला, अगं बेटा, असं काही नाही. पलीकडून पोरगी म्हणाली, "अब्बा, मग तुमी स्टँडवर सांगायचे तसं सांगा ना. माईकवर. तुमी माईकवर 'नाई' म्हटलं का नाईच. मी पहिल्या गाडीनं येते."

नवाबभाईंनी फोन बायकोच्या हातात परत दिला. रहमतबी नवऱ्याकडं न पाहता म्हणाली, "माही नातवंडं तुमच्या वाघानं खाल्ली." तिचे डोळे भरले होते. ती फार बोलणारी बाई नव्हती, म्हणून ते त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नवाबभाई रेंजर हापिसात गेले. काय व्हायचं ते होवो म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि मॅडमसमोर उभं राहून सांगितलं, "मॅडम, वाघ नाई. अर्जात 'शक्यता' होती. ती रस्त्यात कुठी तरी उतरली."

रंजीता मॅडमनी त्यांना बसवलं, चहा मागवला. "मला माहीत आहे, चाचा," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्यात आतापर्यंत मांजर आलं, रानडुकरं आली, आणि नानाजी तर रोज येतात."

मग 'खरं आहे' असं काऊन लिहून दिलं? नवाबभाईंनी विचारलं. मॅडमनी कपाळ चोळलं. त्यांनी सांगितलं की नाही म्हणून लिहिलं आणि उद्या खरंच आला तर? जंगल काही दूर नाही. 'आहे' म्हटलं आणि नाही आला, तर कोणी विचारत नाही. 'नाही' म्हटलं आणि आला, तर माझी नोकरी जाते आणि एखाद्याचा जीव. आता मंत्र्यांनी सभागृहात सांगून टाकलं आहे. आता तुम्ही नाही म्हणालात, तर खोटं कोण ठरतं याचा विचार करा. वाघ आता जाईल तो कागदावरूनच जाईल, आणि कागद पुढच्या अधिवेशनापर्यंत हलत नाहीत.

बाई वाईट नव्हती, खरंच बोलत होती, आणि म्हणूनच नवाबभाईंना कुठं हात घालावा कळेना. ते उठले. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, एक काम होतं. रोज संध्याकाळी जीपवरून गावाला सावध करावं लागतं, लालसूचा घसा बसला आहे, आणि तो ओरडला तरी लोक ऐकत नाहीत. "मी शाळेत असताना अहेरीच्या स्टँडवर तुमचा आवाज ऐकून गाडी पकडायची, चाचा. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील."

घ्या. जन्मभर जपलेली जी एकच वस्तू होती, तीच मागितली गेली. अर्जदार म्हणून नाही कसं म्हणणार? आणि हो कसं म्हणणार? संध्याकाळच्या फेरीला निघालेल्या जीपमधून येताना लालसूनं टाइप केलेला कागद त्यांच्या हातात दिला. नवाबभाईंनी तो वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

जीप गल्लीत शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. लालसूनं ती खांबाखाली, पिंजऱ्याशेजारी उभी केली. दारादारांत माणसं आली. नवाबभाई बोलणार म्हटल्यावर गुणाबाई चूल सोडून आली, नानाजी मफलर बांधून आले, धम्मदीपनं मोबाईल वर धरला. रहमतबी ओट्यावर आली. तिच्या हातात फोन होता, आणि फोन चालू होता. पलीकडं कोण आहे हे नवाबभाईंना न सांगता कळलं.

त्यांनी माईक हातात घेतला. हाताला ते ओझं ओळखीचं वाटलं. दुसऱ्या हातानं कागद काढला, चष्मा चढवला, घसा साफ केला. आणि नेमका सूर्य बुडाला, तसा वरचा दिवा आपल्या सवयीनं विझला.

कागदावरचं अक्षर दिसेना. नवाबभाईंनी कागद डोळ्याशी नेला, लांब धरला. काहीच नाही. लालसू बॅटरी शोधायला जीपच्या सीटखाली वाकला. माईक चालूच होता, त्यातून नवाबभाईंचा श्वास साऱ्या गल्लीला ऐकू येत होता. बकरीसुद्धा गप्प झाली होती. क्षणभर त्यांना वाटलं, थांबावं, बॅटरी येईल, लिहिलं आहे ते वाचावं आणि घरी जावं. कोण विचारतं? मग त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले.

गल्ली चमकली. तोच तो आवाज, थोडा म्हातारा, पण तसाच सरळ.

"मोहबोडीच्या गल्लीत येणारा वाघ रद्द करण्यात आला आहे. हा वाघ कुठूनही सुटलाच नव्हता. तो माझ्या सहीनं निघाला होता, आणि ती सही मी परत घेत आहे. खांबाखालचा अंधार मात्र आपल्या नियोजित वेळेवर आलेला आहे. तो सकाळपर्यंत इथेच थांबेल. जंगल जवळ आहे, नाली उघडी आहे, तरी सर्वांनी बॅटरी घेऊनच बाहेर पडावे." आजवर त्यांनी साऱ्या महामंडळाच्या वतीनं दिलगिरी म्हटली होती, ते काम सोपं होतं. "झालेल्या गैरसोयीबद्दल मी, नवाब शेख, दिलगीर आहे."

खट् करून माईक बंद झाला. लालसू बॅटरी हातात घेऊन तसाच उभा. अंधारात पहिल्यांदा नानाजींचा आवाज आला. "मले वास आला होता, पण तो बोकडाचाबी असू शकते," ते म्हणाले, आणि मग सगळी गल्ली हसायला लागली. रहमतबी हसत नव्हती. ती फोन कानाला लावून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता पदरानं डोळे पुसत होती.

रुखसार सांगितल्याप्रमाणं पहिल्या गाडीनं आली. पोरं धावत घरात शिरली, पापड्यांचा डबा उघडला, आणि धाकट्यानं बाहेर येऊन आजोबांना विचारलं की उन्हात लाईट कशाला लावला आहे. वर दिवा झगझगीत चालू होता. नवाबभाई त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.

तेवढ्यात धम्मदीप सायकल टाकून धापा टाकत आला. त्यानं काढलेला व्हिडिओ रातोरात नागपुरापर्यंत फिरला होता. विरोधी बाजूचे कोणी आमदार पुढच्या अधिवेशनात प्रश्न टाकणार होते, आणि त्याचा मसुदा त्यांच्या माणसानं धम्मदीपलाच पाठवला होता. त्यानं वाचून दाखवला: 'शासनाने मान्य केलेला वाघ मौजा मोहबोडी येथील एका सेवानिवृत्त कर्मचाऱ्याने ध्वनिक्षेपकावरून परस्पर रद्द केला, हे खरे आहे काय?'

रुखसार घाबरून दारात आली. रहमतबीचा हात पापडीवरच थांबला. धम्मदीप म्हणाला, चाचा, चौकशीले येतीन, तुमाले लिहून द्या लागते. 'हे अंशतः खरे आहे' असं टाकू का? त्यात पळायले जागा राहते.

नवाबभाईंनी एकदा वर जळणाऱ्या दिव्याकडं पाहिलं, एकदा मांडीवरच्या पोराकडं.

"अंशतः नोको," ते म्हणाले. "होय, हे खरे आहे. एवढंच लिही."

आणि सहीसाठी त्यांनी पेन मागितला.